चौकात माणूस नको

एक डोळा मिटून, अंगठा समोर धरून आमचे एक सहकारी जगाकडे बघायचे आणि निकाल द्यायचे, "रिजेक्ट!"

आयर्लंडमधल्या गॉलवेतल्या आमच्या कारखान्यात हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवायच्या बारीक जाळ्या बनतात. त्या सूक्ष्मदर्शकाखाली तपासणं हे त्यांचं काम. केसाएवढा धागा दिसला की माल बाद. "क्लीनरूममधला, म्हणजे या धूळमुक्त खोलीतला, सगळ्यात मोठा कचरा म्हणजे माणूस," असं ते प्रत्येक नव्या माणसाला ऐकवायचे. तेवढ्यावर थांबले असते तर आमची तक्रार नव्हती. पण हे गृहस्थ घरीही तपासणीलाच बसत. गॉलवेचा चौक रिजेक्ट, तिथल्या मराठी मंडळाची गणपतीची आरास रिजेक्ट, त्यांच्या बायकोची, म्हणजे आमच्या वहिनींची, पुरणपोळी कडेला जाड म्हणून रिजेक्ट. आयरिश सहकारी कशालाही "ग्रँड", म्हणजे झकास, म्हणतात, त्यावर हे नाक मुरडायचे. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेलच. नसेल तर आमचा घेऊन जा.

एकदा कामासाठी आम्ही दोघं फ्रान्सला, ल्योंला गेलो. वहिनी हौसेनं बरोबर आल्या. तिथल्या जुन्या चौकात पोचलो आणि यांचा समोर धरलेला अंगठा पहिल्यांदाच "रिजेक्ट" न म्हणता खाली आला. एका बाजूला नगरपालिकेची भव्य इमारत, वर घड्याळाचा मनोरा. दुसऱ्या बाजूला कारंजं. त्यात चार उधळलेले घोडे, नाकपुड्यांतून वाफ निघतेय, आणि लगाम धरून शांत बसलेली एक बाई.

"पास," ते पुटपुटले. मग पलीकडचे काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे नवे खांब दिसले. "हे कोणी आणून रोवले? रिजेक्ट."

वहिनींना त्या बाईसमोर एक फोटो हवा होता. "आईला पाठवीन हो. खूश होईल."

"माणूस आला की प्रमाण बिघडतं. बाजूला हो जरा."

दोन तास वहिनी त्यांची बॅग सांभाळत बाजूला उभ्या होत्या. शेवटी हे इमारतीच्या मागची बाजू बघायला गेले, तेव्हा मी माझ्या फोनवर घाईघाईत वहिनींचा एक फोटो काढला.

"यांना सांगू नका हं," वहिनी म्हणाल्या. माझं डोकं भणभणलं होतं. या माणसाला मूर्ख म्हणावं तर मूर्खांचा अपमान.

गेल्या हिवाळ्यात छोट्याशा आजाराचं निमित्त होऊन वहिनी गेल्या. पंधरा दिवसांनी हे माझ्या दारात उभे.

"सासूबाई म्हणाल्या, तिनं पाठवलेला फोटो त्यांच्या जुन्या फोनबरोबर गेला, पण तो तू काढला होतास. माझ्याकडे त्या चौकाचे चारशे आहेत रे. ती एकातही नाही."

खरं सांगतो, मला दया आली नाही. चारशे वेळा बाजूला केलंत, मी मनात म्हणालो. तरी फोन पुढे केला.

फोटोत वहिनी हसत होत्या. केस विस्कटलेले, खांद्याला यांचीच बॅग, मागे जेमतेम दीड घोडा, कोपऱ्यात माझा अंगठा. यांनी सवयीनं एक डोळा मिटला. मी "रिजेक्ट"ची वाट बघत राहिलो.

मग फोन माझ्या हातात देत म्हणाले, "यातला चौक कापता येईल का रे? ती जरा मोठी दिसेल."