पाचवीच्या खोलीची लाह

"सोमवारी लाह बोलावलीय. कौलं उचलायची तयारी असेल तर ये. पाहुणी म्हणून यायचं असेल तर येऊच नकोस," असं सिस्टर फ्लोरीनं फोनवर बजावलं, आणि मी पिशवी भरायला घेतली. फ्लोरी मूळची वसईची. डी.एड.ला आम्ही एकाच खोलीत राहायचो. पुढे ती नन झाली आणि मी नाशिकला नोकरी करून निवृत्त झाले. सातपुड्याच्या पायथ्याशी एका पाड्यावर ती चौथीपर्यंतची छोटीशी कॅथलिक शाळा चालवते. जूनपासून पाचवीची परवानगी मिळाली होती, पण खोली नव्हती. ती उभी राहिली नाही तर चौथी झालेली पोरं लांबच्या वसतिगृहात जाणार, नाहीतर शिक्षणच सोडणार.

आता लाह म्हणजे काय ते सांगते. घर बांधायला किंवा शेत निंदायला हात हवे असले की इथे गावाला बोलावतात. लोक येतात, राबतात, जेवून जातात. मजुरी कुणी घेत नाही.

रविवारी सकाळी नाशिकहून धुळ्याची बस धरली. धुळ्याला बस बदलून दोंडाईचा, मग सारंगखेड्याला तापी ओलांडून शहादा. मे महिन्यात जाणार असाल तर पाणी दुप्पट घ्या आणि शहाद्यातच जेवून घ्या, पुढे चहाशिवाय काही मिळत नाही. म्हसावदकडे जाणारी जीप भरेपर्यंत हलत नाही, तेव्हा चिडचिड घरी ठेवून या. दोन्ही बाजूंना ऊस, केळी, पपई, आणि समोर धुरकट डोंगर.

"सिस्टरनी शाळामा जाणं शे का? बठा पुढे," जीपवाले भाऊ म्हणाले. "पोरं चांगलं शिकतस तठे. पन गयी साल बी लाह बलाई व्हती, कोनीच उनं नही. आते काय व्हस, देखूत."

फ्लोरीनं हे मला सांगितलंच नव्हतं.

संध्याकाळी शाळेच्या अंगणात बसल्यावर तिनं सगळं सांगितलं. फ्लोरी धरून तीन सिस्टर पाड्यावर आल्या तेव्हा रुमलीबाई नावाच्या बाईनं आपली पडवी शाळेला दिली. अट एकच होती, पोरं संध्याकाळी आईजवळ परत आली पाहिजेत. म्हणून ही दिवसाची शाळा. पोरं वाढली तशी गावानं लाह करून पहिली खोली बांधून दिली. सिस्टरांनी आभार मानले, प्रार्थना केली, पोटभर जेवू घातलं आणि तिथेच विषय संपवला. नंतर कुणाच्या निंदणीचं बोलावणं आलं की यांचं उत्तर ठरलेलं, शाळा आहे.

"अगं, लाहेला लाहेनंच उत्तर द्यायचं असतं. आम्हाला वाटलं, जेवण दिलं, झालं!" फ्लोरी म्हणाली. "मागच्या वर्षी हाक दिली तेव्हा अख्खं भांडं डाळ आम्हीच संपवली. तेव्हापासून आमच्यातली एक शाळा सांभाळते आणि दोघी खुरपं घेऊन जातात. एकही लाह चुकवली नाही."

सोमवारी उजाडलं तेव्हा अंगणात सिस्टरांनी उभारलेला खोलीचा सांगाडा, कौलांची रास, उकळणारी उडदाची डाळ आणि आम्ही. इथे मोहाची दारू देण्याची रीत आहे, सिस्टरांनी गुळाचा चहा ठेवला होता. वाट रिकामी होती. थोड्या वेळानं रुमलीबाई एकटीच आली. काटक म्हातारी, थेट चुलीपाशी बसली.

"बाकीचे?" मी न राहवून विचारलं.

ती तिच्या पावरी बोलीत काहीतरी बोलली. फ्लोरीनं सांगितलं, "म्हणतेय, तुम्ही माझ्या शेतात आलात म्हणून मी आले. दुसऱ्यांचं ते बघतील." आणि झग्याचा घोळ कमरेला खोचून फ्लोरी शिडी चढलीसुद्धा! "दे गं कौल. कुणी येवो न येवो, आजच सुरू करायचं."

मग काय, मी रुमलीबाईला कौल द्यायचं, तिनं वर फ्लोरीला. उन्हानं तापलेल्या कौलांनी हात भाजत होते, कंबर बोंबलत होती, आणि मला मनातून रडू येत होतं.

तेवढ्यात डोंगराकडच्या वाटेवर बोलणं ऐकू आलं. खांद्यावर बांबू घेऊन माणसं उतरत होती, मागे बाया, कडेवर पोरं. सिस्टरांनी रचलेले वासे एका पावसातच खचतील असं त्यांनी आधीच ठरवलं होतं, म्हणून पहाटेच जंगलात गेली होती. आल्या आल्या त्यांनी वासे बदलायला आम्ही लावलेली सगळी कौलं उतरवली. फ्लोरी शिडीवर डोळे पुसत हसत होती. दिवस मावळायच्या आत खोलीवर छप्पर होतं, भिंतींचे बांबूचे कूड सारवून झाले होते, आणि दादर ज्वारीच्या भाकरीबरोबर डाळ पुरता पुरता संपली.

निघताना मी रुमलीबाईला नमस्कार केला. तिनं माझे फोड आलेले तळवे उलटून पाहिले. "श्रावणात माझी निंदणी," ती तुटक मराठीत म्हणाली. "तू शाळेकडची." मी हसून मान डोलावली आणि जीपमध्ये बसले.

नाशिकला चौथ्या मजल्यावर राहते मी. या इमारतीत वीस वर्षं झाली, पण माझ्या घरासाठी कोण बांबू तोडून आणेल हे मला माहीत नाही, आणि मी कुणासाठी आणेन हेही नाही. हे मनातून जात नाही.

परवा फ्लोरीचा फोन आला. पाचवी भरलीय, खोली गळत नाही. "आणि रुमलीबाईची निंदणी रविवारी आहे. तुझे गुडघे दुखतात, मी सांगते तिला."

"काही सांगू नकोस," मी म्हटलं. "एक खुरपं जास्तीचं ठेव."