माझा वाघ पाठमोरा

मंडळी, आज दुपारी नेरूळला लेकीला कार्टून सिनेमा दाखवून आणला आणि तेव्हापासून माझ्या पोटात दुखतंय.

मी डबिंग करतो. याच्या आधीच्या सिनेमात हिरो वाघ होता, त्याचा मराठी आवाज माझा. त्याच्या मागे धावणाऱ्या तीन खारूतायांचा आवाज माझ्या मित्राचा, निलेशचा. ते काम मीच त्याला मिळवून दिलं होतं. म्हटलं, "नुसतं चिरकायचंय रे, टेन्शन नको घेऊ."

आता त्या खारूतायांचाच वेगळा सिनेमा आलाय. त्यात माझा वाघ एकदाच दिसतो, तोही पाठमोरा. डायलॉग नाही.

निलेशही आला होता. इंटरव्हलला त्याने खारूताईचा आवाज काढला आणि पोरांनी त्याला घेरलं. सगळ्यात पुढे माझीच लेक.

तो तिला म्हणाला, "अगं, तुझा बाबा तर वाघ आहे."

"माहितीये काका. तुम्ही अजून एकदा खारूताई करा ना."

खरं सांगा, मित्राचं चांगलं झालं की तुम्हालाही असंच होतं का?

मी तर आत्ता बाथरूमचं दार लावून खारूताईचा आवाज काढून बघितला. बाहेरून लेकीने घाबरून विचारलं, "बाबा, पडलास का?"