चपलांच्या जोड्या

शेजारचे काका वारले म्हणून मी सकाळी भेटायला गेले. दाराबाहेर त्यांची मोठी मुलगी उकिडवी बसून, आलेल्यांच्या विखुरलेल्या चपला जोडीजोडीने भिंतीलगत लावत होती. डोळे कोरडे होते. तिचा भाऊ हळूच म्हणाला, "काकू, ताईला ऑटिझम आहे. असं केलं की तिला जरा बरं वाटतं."

मी तिथेच थबकले. आई गेली त्या दिवशी मीही हेच केलं होतं. कुणी गळ्यात पडलं की अंगावर काटा यायचा, रडण्याचे आवाज कानात घुसायचे. चपला तेवढ्या गप्प होत्या. "दगड आहे मेली," आत्या सगळ्यांसमोर म्हणाली आणि तीस वर्षं मी ते खरं मानलं. आईवर आपली मायाच नव्हती, असंही मानलं.

त्याला नाव होतं तर. पण आता आत्याही नाही. सांगू कुणाला?

माझे हात सवयीने चपलांकडे निघाले होते. ते मागे घेतले. पायातल्या चपला मुद्दाम एक इकडे, एक तिकडे काढल्या. तिने वर न बघता त्या ओढून घेतल्या आणि जुळवून ठेवल्या.