हुकमाचं पान

एकाहत्तरच्या लढाईनंतर पेन्शनीत निघालेले एक हवालदार साताऱ्यातल्या आमच्या फुटबॉल क्लबचे कर्तेधर्ते झाले आणि आम्ही ओळीनं तीन वर्षं ढाल जिंकली. 'आम्ही' म्हणतो खरा, पण मी ती बाकावर बसून जिंकली.

सामन्याआधी ते आम्हाला रांगेत उभं करून कपडे तपासायचे. डाग दिसला की खेळण्याआधीच बोलणी बसायची. मध्यंतराला खिशातली लिंबं चिरून प्रत्येकाला अर्धं द्यायचे. घाम न आलेल्या मलाही. त्यांची शाबासकी म्हणजे "बरं हाय," एवढीच. मी चुळबुळ करायला लागलो की म्हणायचे, "तू बस रं. हुकमाचं पान पयल्या हाताला टाकत न्हाईत."

मला हे पटायचं. घरीही मी हेच सांगायचो.

तिसऱ्या वर्षी अंतिम सामन्यात, लोणंदच्या संघासमोर, आमच्या एकाचा पाय मुरगळला. बाकावर मी एकटाच होतो. नाड्या आवळून उभा राहिलो. हवालदारांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, मग मैदानाकडं वळून हाक दिली, "दहा जणांत भागवा रं."

भागलं.

फोटोच्या वेळी चिखलानं माखलेल्या पोरांवरून त्यांनी नजर फिरवली, मला दंडाला धरून मधोमध बसवलं आणि ढाल माझ्या मांडीवर ठेवली.

"आवं, पण मी खेळलो कुठं?"

"तुझाच सदरा पांढरा हाय," ते म्हणाले. "हुकमाचं पान आता टाकायचं."