बर्फातला ट्रॅक्टर आणि हवालदार तांडेल

साठ सालानंतरचा एक हिवाळा मी उत्तर सीमेवरच्या एका विमानपट्टीवर काढला. नाव रवळू, हुद्दा नाईक, ट्रेड मेकॅनिक. गाव मिठबाव. घरी आंबा आणि नारळ. बर्फ मी त्याआधी फक्त मालवणच्या मासळीबाजारात, भुशात गुंडाळलेला पाहिला होता.

पट्टीवरचा बर्फ बाजूला करायला एक ट्रॅक्टर होता. साखळीच्या पट्ट्यांवर चालणारा, पुढे लोखंडी फाळ लावलेला, महायुद्धातून उरलेला. पेट्रोलवर सुरू करायचा, तापला की रॉकेलवर घ्यायचा. तो हवालदार जनार्दन तांडेलांच्या ताब्यात होता. तांडेल मालवणच्या दांडी किनाऱ्यावरचे, मासेमाऱ्यांच्या घरातले. पहिल्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "खंयचो रे तू?" मी सांगितलं. त्यांनी हातात किटली दिली. "बरां झालां. आता बोलूक माणूस मिळालो."

त्या थंडीत इंजिन वाचवणं हीच आमची मुख्य नोकरी होती. पाणी गोठू न देणारं अँटीफ्रीझ थोडं यायचं, ते अ‍ॅम्ब्युलन्सला जायचं. आमच्या ट्रॅक्टरमध्ये साधं पाणी. काम संपलं की ते गरम असतानाच काढायचं. रेडिएटरचा नळ वेगळा, इंजिनच्या ब्लॉकचा वेगळा. ब्लॉकच्या नळात गंज अडकायचा. धार थांबली म्हणजे पाणी संपलं असं वाटे, पण आत राहिलेलं असे. ते गोठलं की फुगतं आणि बिडाचा ब्लॉक तडकतो. म्हणून तांडेल दर वेळी नळात तार घालून ढवळत. मग इंजिन ऑइल डब्यात काढायचं, बॅटरी उतरवायची आणि दोन्ही बराकीत शेगडीजवळ ठेवायची.

सकाळी सगळं उलट. ऑइल कोमट करून ओतायचं, मग पाणी. मी एकदा उकळतं पाणी घेऊन धावलो. तांडेलांनी हात आडवा केला.

"आधी कोमट, मगे गरम. थंड बिडावर कढत ओतलंस तर तडकात मेल्या."

इंजिन सुरू करायचं हँडल मारताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, कारण इंजिनने उलटा झटका दिला तर मनगट मोडतं. सुरू झाल्यावर रेडिएटरपुढे घोंगडी बांधायची आणि पाणी तापेपर्यंत इंजिनवर भार टाकायचा नाही. तांडेल तोवर बॉनेटवर तळहात ठेवून उभे राहत, आजारी गुराजवळ राहावं तसे. त्यांच्या हाताखाली तो ट्रॅक्टर एकही सकाळ बंद राहिला नाही.

मग एका वादळात पट्टी गाडली गेली. वादळ थांबलं त्या सकाळी पुढच्या चौकीतले तीन जवान स्ट्रेचरवरून आले. दरड कोसळून चिरडले होते. डॉक्टर म्हणाले, इथे ऑपरेशन होणार नाही. वायरलेसवर निरोप आला: "विमान दोपहर को. पट्टी साफ करो. ओव्हर."

मेजर साहेब स्वतः ट्रॅक्टरपाशी आले. "तांडेल, पट्टी मिलेगी?"

"मिलेगी, साब."

इंजिन तिसऱ्या हँडलला लागलं. आम्ही अर्धी पट्टी साफ केली आणि रेडिएटरचा खालचा रबरी पाइप चिरला. थंडीने तो लाकडासारखा झाला होता. दुसरा पाइप नव्हता. तांडेलांनी पोटरीला गुंडाळलेली कापडी पट्टी सोडली, ग्रीसमध्ये बुडवली आणि पाइपवर आवळून बांधली. गळती कमी झाली, थांबली नाही.

"रवळू, तू चालव. मी धरतंय."

ते इंजिनच्या बाजूला चौकटीवर बसले आणि पंख्यापासून हात सांभाळत दोन्ही हातांनी तो पाइप दाबून धरला. कढत पाणी त्यांच्या बाहीत शिरत होतं आणि कोटावर गोठत होतं. रेडिएटरमध्ये ओतायला लंगरखान्यातून गरम पाण्याचे डबे आले. आचारी, क्लार्क, मेजर साहेब, सगळे ओळीने डबे पोचवत होते. मी त्यांच्याकडे बघून विचारलं, "दादा, थांबू काय?"

"समोर बघ."

विमान उतरलं. तिन्ही स्ट्रेचर चढले. डॉक्टरांनी तांडेलांचे हात पाहिले. कातडी सोलली होती, वर बर्फ धरला होता. ते म्हणाले, "तुम भी चढ़ो." ढग परत उतरत होते, पायलटला थांबणं शक्य नव्हतं. तांडेल नळाजवळ वाकले होते, नळ तुंबला होता.

मी म्हटलं, "मी पाणी काढतंय, तुम्ही जावा."

"दोन माणसांचां काम आसा ह्यां. इंजिन फुटलां तर दुसरां विमान उतरतलां खंय?"

विमान गेलं. आम्ही दोघांनी ब्लॉक पूर्ण रिकामा केला. मगच ते बराकीत आले.

रात्री त्यांना ताप भरला, छातीत पाणी झालं. हवा पुन्हा बिघडली. डॉक्टर त्यांच्या उशाशी बसून होते. आभाळ उघडायच्या आदल्या दिवशी हवालदार तांडेल गेले.

दुसऱ्या विमानासाठी पट्टी मी साफ केली, त्याच ट्रॅक्टरने. त्याच विमानाने तांडेल गेले.

रजेवर आलो तेव्हा आधी दांडीवर गेलो. त्यांचे वडील घरापुढच्या किनाऱ्यावर जाळं शिवत बसले होते. तांडेलांची बायको दाराआड उभी होती. मी घडलं तसं सांगितलं. म्हाताऱ्यांनी जाळं बाजूला ठेवलं. शेवटी विचारलं, "ते तिगव जगले?"

"जगले."

त्यांनी मान वळवून घरात हाक दिली. "आयकलंस गो? तिगव जगले." मग मला म्हणाले, "नावां सांग त्यांची."

मी सांगितली. एक पंजाबचा, एक गढवालचा, एक मद्रासकडचा. ती नावं त्यांच्या जिभेला वळेनात. त्यांनी ती पुन्हा पुन्हा म्हणून पाठ केली. नारळी पौर्णिमेला घरच्या माणसांच्या नावाने समुद्राला नारळ द्यायची त्यांची रीत होती. त्या वर्षापासून ते या तिघांच्या नावाने नारळ देऊ लागले. "झिलान राखलेली माणसां," ते म्हणायचे. झिलान म्हणजे लेकाने.

म्हातारे जाऊन आता बरीच वर्षं झाली. नारळी पौर्णिमेला मी मिठबावहून दांडीवर जातो. नारळ देताना तिघांची नावं घेतो. त्यांच्या आधी जनार्दन तांडेलांचं घेतो.