रवणातल्या तीन रात्री

पौडच्या बाजारात जैनबबीच्या, म्हणजे सगळ्यांच्या चाचीच्या, अंड्यांवर कधी कुणी बोट ठेवलं नाही. अंडी रवणाला लावायची, म्हणजे अंड्यांवर बसू लागलेल्या खुडूक कोंबडीखाली उबवायला ठेवायची, तर लोक पार कासारसाईहून तिच्याकडे यायचे. "चाचीची अंडी न्यावीत आन् एकविसाव्या दिवशी पिल्लं मोजून घ्यावीत," असं हैबतराव पाटील म्हणायचे, आणि त्यांनी दुसऱ्या कुणाचं कौतुक केलेलं गावानं ऐकलेलं नाही. अहो, बाई होतीच तशी! जिभेला तिखट, व्यवहाराला चोख.

तिचा मुलगा शब्बीर पुण्यात एका प्रयोगशाळेत शिपाई होता. सहा वर्षं हंगामी राबला होता आणि आता कुठं कायम होण्याच्या बेतात होता. तिथल्या मारणेबाई मूळच्या मुळशीच्याच. त्यांना कोंबडीची ताजी, पिल्लू धरणारी अंडी लागत. ती त्या विजेच्या पेटीत उबवत आणि बाराव्या दिवशी पिल्लाचा मेंदू काढून तपासत. चौऱ्याऐंशी साली अंडी ठरवायला त्या पौडला आल्या, तेव्हा चाचीनं तोंडावरच विचारलं, "आडनाव मारणे, आन् काम बी त्येच का वं?"

बाई खळखळून हसल्या. मग ओट्यावर बसून त्यांनी सगळं समजावून सांगितलं. मेंदूतल्या पेशी एकमेकींना धरून राहतात त्या एका चिकट प्रथिनामुळं. पिल्लू घडत असताना एक एन्झाइम त्या प्रथिनावर साखरेच्या लांबच लांब माळा ओवतं. माळा लांब असतात तोवर पेशी सुट्या राहतात, सरकतात, आपापली जागा शोधतात. पुढं एन्झाइमचा जोर ओसरतो, माळा आखूड होतात आणि पेशी एकमेकींना घट्ट धरतात.

"आवो, साखर तर चिकटती की!" चाची म्हणाली.

"ही उलटी आहे, मावशी. ही चिकटू देत नाही."

चाचीनं जरा विचार केला. "म्हंजी भाकरीखालचं पीठ. पीठ हाय तवर भाकरी परातीत फिरती, सरलं की बसली चिकटून."

मारणेबाईंनी ते वहीत लिहून घेतलं. खरंच घेतलं!

दर आठवड्याला शब्बीर तुसात ठेवलेली डझनभर अंडी एस.टी.नं न्यायचा. एकदा त्यातली पाच रिकामी निघाली. त्यानं घरी सहज सांगितलं, पण चाचीच्या ते असं जिव्हारी लागलं की त्या दिवशी तिला घास गोड लागेना. माझ्या हातनं पोकळ अंडं जावं? आणि तेही आपल्या मुळशीच्या लेकीला? तेव्हापासून तिनं एक केलं. एखादी कोंबडी खुडूक असली, की पुण्याची अंडी आधी तीन रात्री तिच्याखाली ठेवायची. चौथ्या सकाळी दाराच्या फटीतल्या उन्हासमोर धरायची. आत तांबडे धागे दिसले की अंडं पुण्याला. हे कुणाला सांगायचं तिच्या मनातही आलं नाही. चांगलं काम कुणी काय दवंडी पिटून करतं?

पंचाऐंशीत प्रयोगशाळेत घोळ सुरू झाला. बारा दिवसांच्या मेंदूत एन्झाइम जोरात असायचं आणि माळा लांब. पण मधूनच एखादी खेप अशी यायची, की एन्झाइम मंद आणि माळा आखूड. पिल्लं जरा थोराड दिसायची, पण गावरान जात दांडगीच, म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. सहा महिन्यांचं काम पाण्यात जायची वेळ आली, आणि आळ आला शब्बीरवर. मेंदूचे नमुने त्यानं बर्फात ठेवले नसतील, एन्झाइम तिथंच मेलं असेल! मोठे साहेब म्हणाले, सोमवारी याला काढून टाकू.

शनिवारी शब्बीर घरी आला तो मान खाली घालूनच. चाचीनं खोदून खोदून सगळं काढून घेतलं. "बर्फ घालायचं इसरला हुतास का?"

"एकदा बी न्हाई, आई."

"आन् त्ये बारा दिस कुटनं मोजत्यात?"

"आसंल कुटनं तरी."

"सरळ सांग की रं!"

शब्बीरनं ताटातला भात उगाच चिवडला. "पेटीत ठेवल्यापासनं."

चाचीच्या हातातला डाव तसाच राहिला. तीन रात्री. त्यांचे बारा म्हणजे आपले पंधरा! बोललं तर जन्मभराचं नाव जाणार, आणि न बोललं तर पोराची नोकरी. मध्ये कशालाही जागा नव्हती. रविवारभर ती कोंबड्यांवर उगाच खेकसत राहिली.

सोमवारी पहिल्या गाडीनं ती शब्बीरबरोबर पुण्याला गेली आणि साहेबांसमोर उभी राहिली. "पोरानं काय बी केलं न्हाई. चूक माजी हाय. तुमाला ताजी पायजे हुती, मी तीन रात्री उबवून धाडली."

साहेब खवळले. मारणेबाई मात्र ताडकन उठून वही घेऊन आल्या. "मावशी, कोणत्या खेपा ते आठवतं का?"

आठवतं का! लिहिता न येणारी ती बाई कोंबड्यांच्या नावानं वर्ष मोजायची. "संक्रांतीला कवडी खुडूक हुती, ती खेप उबवल्याली. मंग सात हप्तं कोरी अंडी गेली, कोण बसंचना. शिमग्याला तांबडी बसली, दोन खेपा तिच्या. रमजानच्या चांदाला पुन्यांदा कवडी." मारणेबाई वहीत खुणा करत गेल्या. तिनं सांगितलेल्या खेपा त्यांनी तीन दिवस पुढं सरकवल्या, आणि दुपारपर्यंत कागदावरचे भरकटलेले सगळे ठिपके एका उतरत्या रेषेवर येऊन बसले. एकही खेप वाया गेली नव्हती. उलट बारा ते पंधरा दिवसांत माळा कशा आखूड होतात, ते आयतंच हाती आलं होतं.

साहेबांचा आवाज खाली आला. मारणेबाईंनी सगळ्यांसमोर शब्बीरला हात जोडले. "चुकलं आमचं." मग चाचीकडे वळल्या. "आता कोरीच पाठवा, मावशी. एखादं रिकामं निघालं तरी चालेल."

"तुमाला चालंल," चाची म्हणाली, "मला न्हाई चालायचं." शेवटी ठरलं, की उबवलेल्या अंड्यावर तिनं कोळशानं रेघा ओढायच्या. एका रात्रीची एक रेघ.

संध्याकाळच्या एस.टी.त भूगाव मागं पडलं. मग चाची म्हणाली, "शब्बीर, तुला शनवारीच कळलं हुतं."

"व्हय. अंडी कोंबडीखालनं काढताना बघितलं हुतं, सायब बोलला तवाच ध्यानात आलं."

"मंग तितंच का न्हाई बोललास? नोकरी गेली आसती की, येड्या!"

"नोकरी दुसरी घावली आसती." तो खिडकीबाहेर बघत होता. "तुज्या अंड्यावर आजवर कुणी बोट ठेवलं न्हाई. पयलं बोट मी ठेवू?"

"मुडद्या!" चाची म्हणाली, आणि भरल्या गाडीत ती पोराच्या खांद्यावर डोकं टेकून रडली. पौड आलं, कंडक्टरनं दोनदा हाळी दिली, तरी तिचं रडणं थांबेना.