दादाचा मेल आज गेला

मंडळी, सकाळपासून एका जागी बसवत नाही, म्हणून लिहितो.

दादा जाऊन दीड महिना झाला. नांदुऱ्यातलं त्याचं बियाण्यांचं दुकान आज उघडलं आणि त्याच्या कॉम्प्युटरवरून एक मेल पाठवायला बसलो. येणारे मेल येत होते, पण माझा जाईना. सेटिंग पाहिली, तर आउटगोइंग सर्व्हरला पासवर्ड लागतो, ही टिकच दादानं केली नव्हती.

मी ती केली. त्याबरोबर आउटबॉक्समध्ये अडकलेला त्याचा जुना मेल आपोआप निघून गेला. दादाकडूनच बियाणं नेलेल्या सलीमभाईंच्या बीटी कपाशीत बोंडअळी निघाल्याची बियाणं कंपनीकडे तक्रार. खाली दादाचं नाव.

दिवाळीत सलीमभाई दुकानात येऊन दादाला म्हणाले होते, "काऊन हो भाऊ, कंपनीचं मीठ खाल्लं का? तक्रार केलीच नाही तुमी!"

"सलीमभाई, मेल तवाच केला. उत्तराची वाट पाहून राह्यलो."

खरंच रोज पाहायचा.

सलीमभाईंची ती कपाशीची पऱ्हाटी कधीच उपटून झाली, आता कंपनीला दाखवायलाही काही नाही. ते दादाच्या मातीला आले, पण माझ्याशी बोलले नाहीत. आता सांगितलं तर दादा खोटा नव्हता हे त्यांना कळेल, आणि चूक त्याचीच होती हेही कळेल.

दोनदा चप्पल घातली, दोनदा काढली. तुम्ही गेला असता का?